कार्याच्या दिवशी गाडी अडली तर: बॅटरी, बेल्ट आणि घाटातला लाल दिवा

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्याहून वाईला लग्नाला जायचं, मुहूर्त दुपारचा. सकाळी साडेसहाला गाडी चालूच होईना, किल्ली फिरवली की नुसतं कट-कट-कट. शेजाऱ्यांच्या गाडीवरून केबल लावून कसेबसे निघाले, तर खंबाटकीच्या चढावर तापमानाचा लाल दिवा लागला आणि बॉनेटमधून वाफ यायला लागली. गाडी ६ वर्षांची, पेट्रोल, सात सीटर, बॅटरी मूळचीच. आत सहा माणसं, त्यांत आजी आणि नवरीचा मामा. अशा वेळी कोणत्या क्रमाने काय करायचं, आणि एकाच दिवशी दोन बिघाड हा योगायोगच का?

आधी योगायोगाचं बघू, कारण बरंचसं उत्तर तिथेच आहे. बॅटरी ६ वर्षांची असेल तर ती कधीतरी जाणारच होती. आपल्या उन्हात ३ ते ५ वर्षं हेच तिचं आयुष्य. पण सकाळी बॅटरी उतरलेली आणि दोन तासांत इंजिन गरम, ही जोडी दिसली की पहिला संशय बेल्टवर घ्यावा. क्रँकच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या, पुलीवरून जो रबरी पट्टा फिरतो (गॅरेजमध्ये सगळे त्याला फॅनबेल्टच म्हणतात, जरी आता त्यावर फॅन नसला तरी) तोच अनेक पेट्रोल गाड्यांत अल्टरनेटरही (बॅटरी चार्ज करणारा जनरेटर) फिरवतो आणि वॉटर पंपही (इंजिन गार ठेवणारं पाणी खेळवणारा). पट्टा सैल पडला, तेलकट झाला किंवा त्याच्या खाचा झिजल्या, की तो पुलीवर घसरतो. अल्टरनेटर पूर्ण फिरत नाही, म्हणून बॅटरी रोज थोडी थोडी उपाशी राहते. पंप पूर्ण फिरत नाही, म्हणून सपाट रस्त्यावर काही जाणवत नाही पण घाटात भरल्या गाडीला पाणी पुरेसं खेळत नाही. सकाळी गाडी चालू केल्यावर काही सेकंद ‘चीं’ आवाज येत असेल, तर हीच ती तक्रार. लोक महिनोन्महिने तो आवाज ऐकतात आणि काच वर करतात.

हे ओळखायची खूण डॅशबोर्डवरच असते. केबल लावून गाडी चालू झाल्यावर बॅटरीच्या आकाराचा लाल दिवा विझला होता का? इंजिन चालू असताना तो जळत असेल, तर त्याचा अर्थ ‘बॅटरी खराब’ असा नाही. ‘चार्जिंग होत नाही’ असा आहे. त्या अवस्थेत लांबच्या प्रवासाला निघूच नये. बॉनेट उघडून, इंजिन बंद आणि किल्ली खिशात ठेवून, दोन पुल्यांमधल्या लांब भागावर अंगठ्याने दाबून बघा. साधारण सेंटिमीटरभर दबला तर ठीक. झुल्यासारखा हलला, आतल्या बाजूला भेगा दिसल्या किंवा कडेचे धागे सुटलेले दिसले, तर त्या गाडीने घाट चढायचा नाही. गाड्या बदलायच्या, बस्स.

आता सकाळचं. कार्याच्या दिवशी गाडीला द्यायचा वेळ ठरवून टाकावा: १५ मिनिटं. त्या १५ मिनिटांत एकाने गाडी बघायची आणि दुसऱ्याने त्याच वेळी दुसरी सोय लावायची. एकामागून एक नव्हे. नेहमी होतं ते असं की घरातले सगळे बॉनेटभोवती जमतात, प्रत्येक जण ‘एकदा मारून बघ’ म्हणतो, आणि तासाभराने टॅक्सी शोधायला लागतात तेव्हा मुहूर्ताच्या दिवशी टॅक्सी मिळत नाही. शिवाय माणसं सगळी सारखी नसतात. मामाने नवरीला मांडवात आणायचं असतं. तो वेळेवर पोचलाच पाहिजे. त्याला, आजींना आणि मंगळसूत्र-औषधं-कागदपत्रांच्या पिशवीला पहिल्या मिळेल त्या वाहनात बसवा. स्वारगेटहून साताऱ्याकडे एसटी सतत असते, तरुण मंडळी तीही धरू शकतात. भांडी, आहेराची बोचकी, फराळाचे डबे गाडीबरोबर मागून आले तरी चालतं.

गाडी बघणाऱ्याने काय बघायचं? हेडलाइट लावा आणि किल्ली फिरवा. दिवे पार मंदावले किंवा विझले आणि कट-कट-कट झालं, तर बॅटरी उतरली आहे किंवा टर्मिनल, म्हणजे बॅटरीवरची वायरची जोडणी, सैल आहे. दिवे लख्ख राहिले आणि एकच जोरात ‘टक्’ झालं, तर सेल्फचा, म्हणजे स्टार्टर मोटरचा दोष. तिथे केबल लावून उपयोग नाही. सेल्फ नेहमीसारखा फिरतोय पण इंजिन पकडत नाही, तर पेट्रोल किंवा स्पार्क. सीएनजी गाड्यांत यातलं एक कारण हमखास सापडतं. गाडी चालू पेट्रोलवर होते आणि मग गॅसवर जाते, मालक मात्र टाकीत पेट्रोल ठेवतच नाही. किल्ली ‘ऑन’ केल्यावर मागच्या सीटखालून दोनेक सेकंद पंपाची बारीक घरघर ऐकू आली पाहिजे. आणि काहीच आवाज नाही, दिवेही ठीक, अशा वेळी आधी साध्या गोष्टी बघा: ऑटोमॅटिक गाडी ‘पी’ किंवा ‘एन’मध्ये आहे का, क्लच किंवा ब्रेक पूर्ण दाबलाय का, बटण-स्टार्टवाल्या रिमोटचा सेल संपलाय का. सेल संपला असेल तर बऱ्याच गाड्यांत रिमोटच बटणाला टेकवून दाबला की चालू होते.

उंदरांचाही एक मिनिट विचार करा, विशेषतः पावसाळ्यात आणि सोसायटीच्या तळघरात गाडी उभी असेल तर. एअर फिल्टरच्या डब्यावर लेंड्या, कुरतडलेलं फोम किंवा तुटलेली वायर दिसली तर घरी काही जोडू नका.

टर्मिनलवर पांढरा-हिरवा भुसभुशीत क्षार चढला असेल, तर केबल लावण्याआधी तेच साफ करा. बहुतेक छोट्या गाड्यांना १० नंबरचा पाना लागतो. आधी काळी, म्हणजे निगेटिव्ह काढायची. लावताना ती शेवटी लावायची. उलट केलं आणि पाना पॉझिटिव्हवर असताना पत्र्याला टेकला, तर ठिणगी उडून पानाच वितळतो. कोमट पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा घालून ओता, फेस येऊ द्या, जुन्या टूथब्रशने घासा, कोरडं पुसा, घट्ट आवळा. हाताने फिरवून टर्मिनल तसूभरही हलता कामा नये. निम्म्या ‘बॅटरी गेली’ तक्रारी इथेच संपतात असं म्हणणं अतिशयोक्तीचं होईल, पण कमीही नाहीत.

केबलचा क्रम पाठ असावा. दोन्ही गाड्या एकमेकींना न टेकवता जवळ, दोन्ही बंद. लाल चिमटा आधी उतरलेल्या बॅटरीच्या पॉझिटिव्हला, लालचं दुसरं टोक चांगल्या बॅटरीच्या पॉझिटिव्हला. काळा चांगल्या बॅटरीच्या निगेटिव्हला, आणि काळ्याचं शेवटचं टोक उतरलेल्या बॅटरीला नव्हे, तर त्या गाडीच्या इंजिनाच्या रंग न लावलेल्या लोखंडी भागाला, बॅटरीपासून लांब. शेवटच्या जोडणीला ठिणगी उडते आणि बॅटरीजवळ हायड्रोजन असू शकतो, म्हणून हा द्राविडी प्राणायाम. मग चांगली गाडी चालू करून ५ मिनिटं थांबा. ही ५ मिनिटं कोणी देत नाही. लगेच सेल्फ मारतात, तो फिरत नाही, आणि ‘केबलने पण होत नाही’ म्हणून सोडून देतात. थांबल्याने उतरलेल्या बॅटरीत थोडा जीव येतो आणि सगळा भार केबलवर पडत नाही. सेल्फ एका वेळी ५ सेकंदांपेक्षा जास्त मारू नका, मध्ये अर्धा मिनिट सोडा.

केबल स्वस्तातली असेल तर वरून जाड दिसते, पण आत केसासारखी तांब्याची तार असते. सेल्फला शंभर-दीडशे अँपियर लागतात. चिमटा चटका बसेल इतका तापत असेल तर केबल बारीक आहे हे समजा.

धक्का स्टार्ट फक्त मॅन्युअल गिअरच्या गाडीला. एएमटीला (क्लचचं पेडल नसलेल्या, आपोआप गिअर बदलणाऱ्या गाडीला), ऑटोमॅटिकला नाही. किल्ली ऑन, दुसरा गिअर, क्लच दाबलेला, माणसाच्या जलद चालीइतका वेग आला की क्लच झटकन सोडायचा आणि इंजिनाने पकडलं की परत दाबायचा. डॅशबोर्डचे दिवे मुळीच लागत नसतील तर ढकलून घाम गाळू नका. आजच्या गाड्यांचा कॉम्प्युटर आणि पेट्रोल पंप बॅटरीशिवाय जागे होत नाहीत. आणि उतारावर ढकलत असाल तर लक्षात ठेवा, इंजिन बंद असताना ब्रेक दोन-तीन दाबांनंतर दगडासारखा कडक होतो, स्टिअरिंगही जड. ढकलायला लग्नाच्या शालू-धोतरातली माणसं पुढच्या बाजूला तर मुळीच नकोत.

गाडी चालू झाली की वाटेत बंद करू नका हे सगळे सांगतात. त्यामागचं गणित कोणी सांगत नाही. रिकामी बॅटरी तासाभराच्या प्रवासात भरत नाही, जेमतेम पुढच्या सेल्फपुरती सावरते, आणि म्हातारी बॅटरी तेवढीही सावरत नाही. पेट्रोल भरताना इंजिन बंदच करावं लागतं, तेव्हा पेट्रोल आदल्या दिवशी भरलेलं असावं. नाश्त्याला थांबलात तर ड्रायव्हर चाकाशी बसून राहील. चालू गाडीत एकटी मुलं सोडायची नाहीत. मल्टीमीटर असेल तर इंजिन चालू असताना बॅटरीवर १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसले पाहिजेत. १२.५च्या खाली घसरत जात असेल तर चार्जिंग नाही, माघारी फिरा. त्या सकाळी हे एक मोजमाप झालं असतं, तर खंबाटकीतला प्रसंग कदाचित सोसायटीच्या फाटकातच निपटला असता.

आता घाट. चढावर दुसऱ्या गिअरमध्ये, सहा माणसं आणि डिकी भरलेली, एसी सुरू, पुढे ट्रक रांगत चाललेला. इंजिन सगळ्यात जास्त उष्णता काढतं आणि रेडिएटरला वारा सगळ्यात कमी मिळतो. बऱ्याच नव्या गाड्यांत तापमानाचा काटाच नसतो: थंड असताना निळा दिवा, गरम झाल्यावर लाल, मधलं काही नाही. म्हणजे लाल दिवा ही सूचना नाही. तो लागला तेव्हा उशीर व्हायला लागलेला असतो.

लाल दिवा लागला पण वाफ नाही: एसी बंद, हिटर पूर्ण गरमवर, पंखा जोरात, काचा खाली. हिटर म्हणजे केबिनमधला छोटा रेडिएटरच, तो इंजिनाची थोडी उष्णता खेचतो. माणसं घामाघूम होतील, होऊ द्या. डावीकडे सुरक्षित जागा मिळताच थांबा, वळणावर नाही. मिनिटभर इंजिन मोकळं चालू ठेवून पुढचा फॅन फिरतोय का ऐका. दिवा विझला नाही तर बंद. वाफ दिसली, किंवा हिटर लावूनही गार हवाच आली, तर एक सेकंदही चालू ठेवू नका. हिटरला गरम पाणीच पोचत नाही, म्हणजे पाणी संपलंय किंवा पंप फिरत नाही. ‘घाटमाथा आलाच आहे, तेवढी चढवून घेतो’ हे वाक्य फार महागात पडतं. अ‍ॅल्युमिनियमचं हेड (इंजिनाचा वरचा भाग) एवढ्यात वाकतं, हेड गॅस्केट (त्याखालचं सील) उडतं, आणि काही शे रुपयांच्या बेल्टचं किंवा पाइपचं काम इंजिन उघडण्यावर जातं.

थांबल्यावर हॅझर्ड दिवे, मागे त्रिकोण. सरळ रस्त्यावर किमान ५० मीटर मागे. घाटात वळणाच्या अलीकडे, म्हणजे येणाऱ्याला वळण्याआधी दिसेल असा. सगळी माणसं डाव्या दारांतून उतरून कठड्यापलीकडे किंवा डोंगराच्या बाजूला, गाडीच्या मागे कोणीही नाही. घाटात बंद पडलेल्या गाडीपेक्षा तिच्यामागे उभी राहून फोनवर बोलणारी माणसं जास्त धोक्यात असतात. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ लावा. क्रेन आणि गस्तीची मदत त्यावर मिळते. जीवावरचं काही असेल तर ११२ किंवा १०८. आणि वऱ्हाडातली मागून येणारी शेवटची गाडी कोणाची ते आधीच माहीत असेल तर आजी आणि मामा अर्ध्या तासात तिच्यात बसलेले असतील. घरच्या ग्रुपवर ‘अडकलोय’ एवढंच न लिहिता लोकेशन टाका.

रेडिएटरचं झाकण ४५ मिनिटं उघडायचं नाही. आत दाब असतो, म्हणून पाणी १००च्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण फिरवलं की दाब उतरतो आणि सगळं एकदम उसळून तोंडावर येतं. त्या भाजण्याला उपाय नाही. गरम इंजिनावर वरून पाणीही ओतू नका. वरचा जाड पाइप हाताला सहन होईल इतका गार झाल्यावर जाड फडकं धरून झाकण पाव वळण फिरवा, फुस्स होऊन थांबेपर्यंत थांबा, मग काढा.

मधल्या वेळात नजर फिरवा. बेल्ट आपल्या जागी आहे का? तुटून खाली लोंबत असेल तर शोध संपला, गाडी टोचन करूनच न्यायची. ज्या इंजिनाचा पंप त्या पट्ट्यावर आहे ते गार झाल्यावरही दोन-तीन किलोमीटरांत परत तापतं. बेल्ट ठीक असेल तर गाडीखाली बघा, रंगीत पाणी कुठून गळतंय. पाइपच्या टोकाला चीर असेल तर नशीब चांगलं: चिरलेला बोटभर भाग सुरीने कापा, पाइप परत बसवा, क्लँप आवळा. पाइपच्या मध्ये चीर असेल तर सायकलच्या ट्यूबची पट्टी ताणून घट्ट गुंडाळा आणि झाकण पूर्ण न आवळता पहिल्या खाचेवर ठेवा, म्हणजे दाब कमी राहील. एवढ्यावर गाडी हळूहळू जवळच्या गॅरेजपर्यंत जाते, वाईपर्यंत नाही.

गळती नाही, बेल्टही ठीक, तर फॅन. फ्यूजच्या डब्याच्या झाकणावर नकाशा असतो, त्यात ‘रेडिएटर फॅन’ शोधा. फ्यूज उडाला असेल तर त्याच अँपियरचा लावा, वायर गुंडाळू नका. रिले (फॅन चालू-बंद करणारा छोटा विजेचा स्विच) संशयास्पद वाटला तर हॉर्नचा रिले त्याच नंबरचा आहे का बघून अदलाबदल करा. आणि नवरदेवाची गाडी असेल तर पुढच्या जाळीवरचे झेंडूचे हार आधी काढा! जाळी झाकणारी सजावट हे लग्नाच्या गाड्या तापण्याचं एक अगदी साधं कारण आहे आणि ते कोणी बघत नाही.

पाणी भरताना साधं बाटलीतलं चालतं, कूलंट (इंजिन गार ठेवणारं रंगीत द्रव) नंतर गॅरेजमध्ये पाण्याबरोबर ५०:५० करून घ्या. हळूहळू ओता. छोट्या गाडीत एकूण ४-५ लिटरच मावतं. दोन लिटरपेक्षा जास्त आत गेलं तर ते कुठूनतरी गेलं आहे हे पक्कं. पुढे न्यायची की नाही याचा निर्णय तीन खुणांवर घ्या. ऑइलचं झाकण उघडून आतली बाजू बघा: दुधाच्या चहासारखा फेसाळ थर दिसला तर चालू करू नका. चालू केल्यावर मागून गोडसर वासाचा पांढरा धूर सतत आला तरी बंद. रेडिएटरमध्ये बुडबुडे थांबेचनात तरी बंद. तिन्ही ठिकाणी हेड गॅस्केटकडे बोट जातं.

टोचनवाल्याशी दर आधी बोला, अंतर आणि घाट दोन्ही सांगून. विम्यात ‘रोडसाइड असिस्टन्स’ असेल तर आधी तिथे फोन लावा. नंबर पॉलिसीवर असतो, आणि पॉलिसी घरी कपाटात असते, म्हणून फोनमध्ये फोटो ठेवावा. ऑटोमॅटिक गाडी पुढची चाकं जमिनीवर ठेवून ओढून नेऊ देऊ नका, सपाट फळीचीच गाडी मागवा. देण्याआधी चारही बाजूंचे आणि किलोमीटरचे फोटो काढा.

गॅरेजवाल्याला निदान सांगू नका, खुणा सांगा: दिवा कधी लागला, हिटर लावल्यावर गार हवा आली की गरम, ‘चीं’ आवाज किती दिवस आहे. बेल्ट बदलतानाच वॉटर पंपाच्या खालच्या छोट्या भोकातून ओल येतेय का ते बघायला लावा. बॅटरी घरपोच मागवणार असाल तर जुनीवरचा नंबर अक्षरासकट वाचा. ‘एल’ आणि ‘आर’मध्ये टर्मिनलच्या बाजू उलट असतात, आणि चुकीची आली तर वायर पोचत नाही.

आदल्या संध्याकाळी १० मिनिटं लागतात. एसी लावून पुढचा फॅन फिरतोय का बघा, थंड इंजिनावर कूलंटची पातळी, बेल्टवर अंगठा, चारही चाकं आणि स्टेपनीची हवा. स्टेपनी आहेराखाली गाडली जाणार असेल तर जॅक आणि पाना तरी वर ठेवा. मग सगळ्यात महत्त्वाचं, सामान भरून झाल्यावर डिकी आणि दारं खरंच लागली आहेत का ते बघा. रात्री बोचकी कोंबताना डिकी अर्धवट लागते आणि आतला दिवा जळत राहतो. १० वॅटचा दिवा म्हणजे सुमारे ०.८ अँपियर, १० तासांत ८ अँपियर-तास गेले. नव्या ३५ अँपियर-तासांच्या बॅटरीला त्याचं काही नाही. पण ६ वर्षांच्या बॅटरीत खरी ताकद १२-१५ इतकीच उरलेली असते, त्यातून ८ गेले की सकाळी साडेसहाला तेच कट-कट-कट.